घाटापुरता कॅमशाफ्ट

नवरा गेल्यावर ट्रक विकून टाकावा असं सगळ्यांचं मत होतं. मी विकला नाही. डिंभ्याच्या धरणाकडच्या रस्त्यावर त्यानंच मला गाडी शिकवली होती, आणि मुलगी पुण्याला नोकरीवर गेल्यापासून घरात नुसतं बसून राहणं मला जमेना. घोडेगावहून डोंगरातल्या वाड्यांवर सिमेंट, खत न्यायचं, येताना हिरडा नाहीतर भात आणायचा. शेजारच्या सीटवर मी डबा आणि पाण्याची बाटली ठेवायचे. मोकळी दिसली की तिकडंच लक्ष जायचं.

यंदा गाडीचा दम गेला. शिनोली सोडून चढ लागला की काळा धूर आणि इंजिनातून टकटक. घोडेगावच्या मेस्त्रीनं इंजिन उघडलं आणि आतला कॅमशाफ्ट काढून समोर धरला. लोखंडी दांडा, त्यावर व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे. त्यातले दोन पार झिजून गेले होते.

"दुसरा टाकावा लागंल," मेस्त्री म्हणाला. "कंपनीच्या मापाचा टाकू का जास्त उंचीचा? उंच टाकला तर गाडी हायवेला लई पळंल. पण हळू चालवताना चढाला ओढायची न्हाई."

धाकटे दीर सोबत आले होते. "मोठाच टाका," ते म्हणाले. "दादाच्या मनात तोच व्हता."

ते खरंच होतं. नारायणगावहून टोमॅटो भरून तो मुंबईला जायचा. त्याला पळणारी गाडी आवडायची. सुट्टीत मीही सोबत जायचे, आळेफाट्याला चहा व्हायचा, आणि इंजिन उघडलं की मोठा कॅम टाकायचा हे तो मला दर खेपेला सांगायचा. त्याची एवढी एक हौस राहून गेली होती.

मेस्त्री माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, चालवणार कोण? तुमी कुठं चालवता त्ये सांगा."

"डोंगरात. भरलेली. दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते."

"मग कंपनीचाच बरा."

"म्हंजी हायवेला कधी जायचंच न्हाई का, वयनी?" दिरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मग पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहिले. तो रस्ता आमचा दोघांचा होता. एकटीनं तिकडं जायचं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं, पण तसं तोंडानं बोलायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

गाडी तयार झाल्यावर पहिली खेप सिमेंटची होती. जिथं आधी गाडी धापा टाकायची, त्या वळणावर मी दुसरा गिअर टाकला. इंजिन एका लयीत ओढत राहिलं. धूर नाही, टकटक नाही. माथ्यावर आल्यावर गाडी कडेला घेतली आणि मुलीला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. काही झालं का?"

"नाही गं. गाडी चांगली चढली, एवढंच."

"बरं. संध्याकाळी बोलू."

फोन ठेवला. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. निवड बरोबर ठरली होती. मी डबा उघडून जेवले आणि सिमेंट उतरवायला वाडीकडं निघाले.