हिच्या मावसभावाची नदी

अख्ख्या कतारमध्ये नदी नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आमच्या हिच्या मावसभावाला मात्र ते कुणी सांगितलंच नव्हतं. दोहापासून तासाभरावर पांढऱ्या हरणांसाठी कुंपण घालून राखलेलं रान होतं, तिथे तो पंप मेकॅनिक. रानातून एक कोरडी घळ जायची, दोन्ही अंगांना पुरुषभर खडक, मध्ये चार बोरी. तिला तो नदी म्हणायचा. नुसता म्हणायचा नाही, ओलांडताना पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा! हरणांशी अस्सल बीडकडच्या मराठीत बोलायचा, पण ती हौदावर आली की पाठ करून उभा राहायचा. "पंगतीत कुणी दुसऱ्याच्या ताटाकडं बघतं का?" मी पडलो दोहातल्या अल सद्द भागात एसीत बसणारा ड्राफ्ट्समन. नकाशा पसरून नदी नसल्याचं त्याला पटवायचो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं. पण दाजी, नदीत गाडी लावू नका."

मी लावली. दोन हजार तीनचा हिवाळा असेल; शुक्रवारी ही, पोरं आणि डबे घेऊन आम्ही गेलो होतो, आणि सावली तेवढी त्या घळीतच होती. डबे उघडेपर्यंत आभाळ फाटलं. बघता बघता चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि ऑफिसची गाडी बंपरपर्यंत बुडाली. हा पँट न दुमडताच पळाला, पिकअप आणि दोर घेऊन आला. माझ्याकडे एकच काम दिलं: पिकअप गाडीला ओढत बाहेर पडली की कुंपणाचं फाटक लावायचं. मी शहाणा गाडीमागे धावलो. सहा हरणं निघून गेली. सुपरवायझरने येऊन विचारलं, फाटक कुणी उघडं टाकलं? मी तेव्हा बुटातला चिखल फार मन लावून काढत होतो.

"मी," हा म्हणाला.

हरणं दुसऱ्या दिवशी सापडली, पण त्याची रानातली नोकरी खलास. कंपनीने अल वक्राच्या एका बिल्डिंगच्या बेसमेंटात पंपांवर त्याला टाकलं. काम तेच आहे, फक्त पाणी प्यायला कुणी येत नाही, एवढंच तो सांगायचा. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि मी आपल्या ताटातच बघत जेवायचो. शेवटी एकदा मी म्हणालोच, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

"ताई अन् पोरं तिथंच उभी होती, दाजी. त्यांच्यादेखत तुम्हाला तो सुपरवायझर वाट्टेल ते बोलला असता. ते मला बघवलं नसतं."

मग त्याने ताक मागितलं. ही उठत होती, तिला बसवून मीच आत गेलो, आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.