साकू नावाचा फोल्डर

व्यंकोजीला कंप्यूटरमधलं सगळं कळतं, असा गल्लीचा समज होता आणि त्याहून ठाम समज त्याचा स्वतःचा होता. बंगळुरातल्या बसवनगुडीत घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. त्याच्या घराण्यातला कुणी मूळपुरुष तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडं आला आणि इथलाच होऊन बसला. घोडा गेला, मराठी राहिली. ती ऐकून पुण्याची माणसं गालातल्या गालात हसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच अठ्ठ्याण्णव साली जे. पी. नगरातल्या पद्मनाभसाहेबांनी, म्हणजे अस्सल पुणेकरानं, आपल्या जुन्या कंप्यूटरमधलं घरचं सगळं नव्यात घालायला त्याला बोलावलं, तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

सगळं फ्लॉपीवरून न्यायचं होतं, आणि एका फ्लॉपीत मावणार ते किती! तेव्हा नको ते आधीच वगळायचं, ही त्याची पद्धत. दुसऱ्याची फाइल उघडून वाचायची नाही हा त्याचा नेम, आणि या नेमाची तो भारी ऐट मिरवी. फोल्डरचं नाव बघायचं आणि ठरवायचं. टॅक्सचा घेतला, पत्रांचा घेतला. शेवटी एक उरला. त्यावर इंग्रजीत चार अक्षरं होती, एस, ए, के, यू.

व्यंकोजीला हसूच आलं. साकु म्हणजे कानडीत पुरे. त्याच्या घरात जेवताना पुरे कुणी म्हणतच नाही, साकुच म्हणतात. इथं येऊन दोन वर्षांत साहेब कानडी शिकले की, असं त्याला कौतुक वाटलं. इथवर पुरे, हे नको, असा अर्थ लावून त्यानं तो फोल्डर मागं सोडला. मग जुनी डिस्क पुसली, तिच्यावर नवं विंडोज चढवलं आणि ठरल्याप्रमाणे ते मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. साकूचा फोल्डर सापडत नाही म्हणाले. साकू त्यांची सहा वर्षांची मुलगी, शाळेतलं नाव सिद्धी. ती जन्मल्यापासून ते दर रविवारी तिच्याबद्दल चार ओळी लिहीत होते. पहिला शब्द, पहिला रुसवा, असं सगळं. ती मोठी झाली की तिला द्यायचं होतं. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं.

व्यंकोजीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायचं सोडून तो बोलून गेला की तिथं डिस्कच खराब होती. साहेब म्हणाले, "तुम्ही आपले, म्हणून बाकीचं तरी वाचलं."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री बायकोनं, सोयराबाईनं, भात वाढला आणि सवयीनं त्याच्या तोंडून 'साकु' निघालं. तो शब्द ऐकून त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की ताटातलं तसंच टाकून तो उठला.

रविवारी तो जे. पी. नगरला गेला. चप्पल काढून दाराशीच उभा राहिला.

"सार, स्वल्प बोलायचं होतं. डिस्क बरी होती. मीच सोडला तो फोल्डर."

साहेबांनी का म्हणून विचारलं. आपल्याच भाषेत हे सांगायला त्याची जीभ उचलेना.

"आमच्यात साकु म्हणजे पुरे, सार. मला वाटलं, नको म्हणून तुम्हीच लिहिलंय."

साहेब खुर्चीत बसले. एक तरी फाइल उघडून बघायची होतीत, एवढंच म्हणाले. मुलगी तिथंच फरशीवर चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली.

"बाबा, तुम्ही शाळेच्या गेटवर साकू म्हणून हाक मारता तेव्हा सगळे हसतात, ते यामुळं?"

साहेबांना कानडी येत नव्हती. त्यांनी व्यंकोजीकडं पाहिलं. नाही म्हणावं, असं व्यंकोजीला फार वाटलं. मान खाली घालून तो म्हणाला, "होय, अक्का."