पेन्सिलीतला ‘हाच’

डिसेंबर आला की लोक वर्षभरात काय काय वाचलं ते मोबाईलवर टाकतात. कव्हरांचे फोटो, शेजारी कॉफीचा मग. मी यंदा उभ्या आयुष्यात वाचलं नसेल एवढं वाचलं, पण माझ्याकडे फोटो नाहीत. माझ्याकडे भांडणं आहेत! लायब्ररीचं असंच असतं. पुस्तकं परत करावी लागतात, किस्से तेवढे घरात साठत जातात.

मुळात वाचणारी मी नव्हेच. वाचणारे आमचे हे, आणि तेही फक्त रहस्यकथा. खुनी कोण ते शेवटाच्या आधी ओळखायचं आणि जेवताना मला ऐकवायचं, हा नोकरीत असल्यापासूनचा शौक. गेल्या वर्षी काचबिंदूने त्यांची नजर गेली. ऑपरेशन झालं, तरी अक्षर काही दिसेना. माणूस एकदम गप्प झाला. रेडिओ नको, फिरायला नको, कुणी भेटायला आलेलं नको. मला ते बघवेना. शेवटी एक दिवस म्हटलं, “मी वाचते, तुम्ही खुनी ओळखा.” आणि बुधवार पेठेतली त्यांची लायब्ररी माझ्या गळ्यात पडली.

*

पहिल्याच पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात एक डॉक्टर चहाला येतो. नुसता येतो हो! बिस्किटालासुद्धा हात लावत नाही. आणि त्याच्या नावाशेजारी समासात, पेन्सिलीने, बारीक नेटक्या अक्षरात लिहिलेलं: “हाच.”

मी वाचता वाचता अडखळले. ह्यांनी मान वर केली.

“डॉक्टर ना?”

“मी काय सांगू? पुढे ऐका!”

शेवटी डॉक्टरच निघाला. हे इतके खूश, की रात्री आमटी दोनदा मागून घेतली. “डोळे गेले असतील, डोकं शाबूत आहे,” म्हणाले. आणि मी मात्र खुनी माहीत असून अख्खं पुस्तक घसा कोरडा करत बसले होते. त्या लिहिणाऱ्याचा मला असा राग आला म्हणून सांगू!

*

मी पुस्तक घेऊन तडक लायब्ररीत. काउंटरवर सबनीसबाई. त्या कधी वर बघून बोलत नाहीत.

“अहो, हे बघा, खुनाच्या आधीच खुनी सांगून ठेवलाय!”

“पेनने लिहिलंय?”

“पेन्सिलीने.”

“मग खोडा.”

“मी का खोडू? मी वर्गणी भरते ती वाचायची. खोडायची नाही!”

पुढच्या आठवड्यात गेले तर काउंटरवर नवी पाटी. “येथे खोडरबर मिळणार नाही. सभासदांनी आपापला आणावा.”

*

दुपारी हे झोपले की मी माझ्यासाठी वेगळं वाचायला घेतलं. म्हटलं, खून नाही तिथे ‘हाच’ कुठून येणार? तर हा गृहस्थ तिथेही माझ्या आधी पोचलेला!

पाककृतीच्या पुस्तकात भरल्या वांग्यापाशी: “मीठ जास्त.” मी हट्टाने पुस्तकाप्रमाणेच मीठ घातलं. जास्तच झालं. त्याने तर आणखीच डोकं फिरलं.

प्रेमाच्या कादंबरीत नायिका रडत रडत घर सोडून निघते. माझ्या डोळ्यांत पाणी. समासात: “परत येते.”

एका पुढाऱ्याच्या आत्मचरित्रात लिहिलं होतं, भाषण संपलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बराच वेळ थांबेना. त्याच्याखाली: “मी होतो. पाऊस होता. पत्र्यावर.”

आता ह्यावर हसू आलं, नाही असं नाही. पण म्हणून काय झालं? लायब्ररीचं पुस्तक म्हणजे काय घरचा फळा आहे?

*

माझी चिडचिड ऐकून भाची म्हणाली, “आत्या, चिल! काकांना ऑडिओबुक लावून देते. प्रोफेशनल आवाज असतो, एकदम क्लिअर!”

लावून दिलं. ह्यांनी अर्धा तास ऐकलं आणि कानातलं काढून माझ्या हातात ठेवलं.

“काय झालं? बाई वाचते तर छान!”

“छान वाचते. पण तिच्या आवाजावरून काही कळत नाही.”

भाची म्हणाली, “काका, कळू नये म्हणूनच तर असतं ना!”

मी पुन्हा चष्मा लावला.

*

पेन्सिलवाला मला सापडला तो पावसाळ्यात. लायब्ररीत खिडकीपाशी वर्तमानपत्राचं टेबल आहे. तिथे अभ्यंकर नावाचे एक सडसडीत आजोबा रोज शब्दकोडं सोडवतात. पेन्सिलीने! मी सहज मागून डोकावले आणि ‘ह’ बघितला. तोच ‘ह’! पोटात गाठ मारल्यासारखा.

“तुम्हीच का ते?”

“कोणते?”

“हाच!”

आजूबाजूची डोकी वर झाली. सबनीसबाईंनीसुद्धा पहिल्यांदाच वर बघितलं.

अभ्यंकर जरासुद्धा शरमले नाहीत. “अहो, मी माझ्यासाठी लिहितो. तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं, तर वाचलेलं आहे हे लक्षात यायला नको?”

“मग पहिल्या पानावर खूण करा! सगळे करतात!”

“पहिल्या पानावर कर्वेबाईंची फुली असते. पाचव्यावर गोखल्यांचा गोल. शेवटच्या पानावर दाढेसरांची सही. जागा कुठे आहे?”

मी म्हटलं, “तुमच्या त्या एका शब्दापायी माझी जीभ अडखळते. ते ऐकून आमच्या ह्यांना आयता सुगावा लागतो. त्यांना दिसत नाही. खुनी ओळखणं एवढी एकच मजा उरली आहे त्या माणसाला, आणि तीसुद्धा तुम्ही नासवताय!”

सबनीसबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. नवी रहस्यकथा आली की आधी मला, मग अभ्यंकरांना. आणि पेन्सिल काउंटरवर जमा. त्या दिवशी मी बसस्टॉपपर्यंत अक्षरशः मान ताठ करून चालले.

*

कोरी करकरीत पुस्तकं! समास पांढरेशुभ्र! खुनी कोण ते मलाही माहीत नाही. मी जीव ओतून वाचू लागले.

पहिल्या पुस्तकात ह्यांनी सांगितलं, पुतण्या. निघाली मोलकरीण. “होतं असं,” म्हणाले. दुसऱ्यात वकील सांगितला, तर वकिलाचाच खून झाला. तिसऱ्यात शेवटपर्यंत कुणाचं नावच घेतलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “राहू दे. डोळे गेले, आता डोकंही गेलं.” त्या रात्री ताटात आमटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं, तेव्हा म्हणाले, “आज नको.” तिसऱ्या दिवशीही नको. पुन्हा तेच गप्प बसणं सुरू झालं.

मला रडू आलं, आणि राग तर त्याहून आला. कुणावर ते ठरवता येईना, म्हणून अभ्यंकरांवरच!

*

तर गेल्या आठवड्याची गोष्ट. नवी रहस्यकथा आली होती. सबनीसबाईंनी न बघता माझ्यापुढे सरकवली.

“आधी अभ्यंकरांना द्या,” मी म्हटलं.

“पहिला नंबर तुमचा आहे.”

“मला माहितीये कुणाचा आहे!”

पुस्तक उचललं, खिडकीपाशी गेले आणि त्यांच्या शब्दकोड्यावर ठेवलं. “आधी तुम्ही वाचा. आणि लिहा.”

“काय लिहू?”

“नेहमी लिहिता ते!”

“माझी पेन्सिल जमा आहे. तुमच्याच तक्रारीवरून.”

मी पर्समधून पेन्सिल काढून पुढे धरली. टोक करून आणली होती. अभ्यंकरांनी पेन्सिलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“एवढा खटाटोप कशाला? खुनीच हवा असेल तर शेवटचं पान आधी बघून घ्या की.”

“मी? शेवटचं पान आधी बघू?” माझा आवाज काउंटरपर्यंत गेला. “तसल्यांतली वाटले का मी तुम्हाला? शोभतं का हे सुचवणं!”

“गुरुवारी या,” अभ्यंकर म्हणाले.

गुरुवारी पुस्तक आणलं. हे नको नको म्हणत होते, तरी शेजारी बसून वाचायला सुरुवात केली. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं, समास कोरेच. मी मनातल्या मनात अभ्यंकरांचा उद्धार करायला घेतला. चौथ्या प्रकरणात एक फोटोग्राफर दार वाजवतो, पत्ता चुकलो म्हणतो आणि निघून जातो. पान उलटलं. तेच अक्षर, तोच ‘ह’:

“हाच. येथे अडखळावे.”

मी अडखळले.

ह्यांनी मान वर केली.