शब्दकोड्याच्या पाठीवरची सूचना

तुमच्याकडे पेपर कागदावर येतच नाही, म्हणून आधी हे सांगते. मी रोज इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, कात्रीने कापायचे आणि वहीत चिकटवायचे. उरलेला पेपर तारखेप्रमाणे गठ्ठ्यात ठेवायचे. तुमचे आजोबा या शिस्तीला हसायचे. मागच्या वर्षी तिनेच घात केला.

वर्सोव्याच्या एका छोट्या मासळी बाजारात माझी नेहमीची कोळीण बसते. तीस वर्षं तिच्याकडूनच मासे घेते आहे. एका सकाळी बोंबील साफ करता करता तिने हात थांबवला.

"बाय, बाजार पाडतायत. पेपरात नोटीस दिलेली म्हणे. महिन्यात कुणी हरकत घेतली नाही, म्हणून आमची जागा गेली."

"कुठल्या पेपरात?"

"इंग्लिश. तू वाचतेस तोच." मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "सगळा पेपर वाचते म्हणायची ही!"

शेजारीण हसली. ती स्वतः हसली नाही.

पालिकेने तिला दिलेल्या कागदावर नोटिशीची तारीख होती. घरी येऊन गठ्ठा काढला. त्या दिवसाच्या पानाला चौकोनी भोक. शब्दकोडं वहीत होतं आणि त्याच्या पाठीला, डिंकाने गच्च बसलेली ती सूचना. चहाच्या आधणाच्या वाफेवर कागद सोडवला. अर्धी अक्षरं वहीलाच राहिली, तरी बाजाराचं नाव आणि तीस दिवसांची मुदत वाचता आली. मुदत संपून सहा दिवस झाले होते.

आम्ही दोघी अर्ज घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "आजी, छापलं होतं ना? तुम्ही वाचलं नाही, त्याला आम्ही काय करणार?" अर्ज पिशवीत घालून आम्ही परत आलो. मी एम. ए. इंग्लिश, आणि छापलेलं वाचलं नाही.

माझ्या पेपराला फोन केला. "मेल करा," म्हणाले. मेल केली, दोनदा केली. उत्तर आलं नाही. त्या रविवारी पहिलं पान भरून, बाजाराच्या जागेवर इमारत बांधणार असलेल्या बिल्डरची जाहिरात होती.

शेवटी आमच्या भागातल्या मराठी साप्ताहिकाची बातमीदार आली. मासळीच्या पाण्यात चपला भिजवत तासभर फिरली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: इंग्रजी वाचता येतं का? एकीलाही येत नव्हतं. तिने तेवढंच छापलं, ठळक अक्षरांत. पंधरा दिवसांत कार्यालयाने हरकती घ्यायचं कबूल केलं. पाडकाम सुनावणीपर्यंत थांबलं.

मला आनंद झाला, पण थकवा जास्त होता. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं?

दिवाळीनंतर ते साप्ताहिक बंद पडलं. ती मुलगी आता एका कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहिते. सुनावणी अजून झालेली नाही. तिचीही तारीख पेपरातच येईल, असं कार्यालय सांगतं.

आता मी शब्दकोडं शेवटी सोडवते, कापत तर नाहीच. आधी सूचनांचं पान, भिंग घेऊन, वरपासून खालपर्यंत. मग बाजारात जाते.

"आज आलंय काय गं?" कोळीण विचारते.

"नाही."

"नीट बघितलंस?"

"बघितलं गं."

ती मासे तोलायला लागते. आलं, तर मी तिला वाचून दाखवीन. त्यानंतर बाजारात कुणाला बोलवायचं, ते आम्हा दोघींनाही माहीत नाही.