चोरचोळीचा खण

माघात संत्र्याला फूल आलं की त्याचा वास बागेत मावत नाही. बांध ओलांडून घरात शिरतो, पाण्याच्या माठात उतरतो, अंथरुणात येऊन बसतो. भजनात त्याला परिमळ म्हणतात; चौथी शिकलेल्या माणसाला असले शब्द भजनातूनच मिळायचे. पण यंदा त्या परिमळाचा मला संताप आला. माझी सुमन जाऊन पाच महिने झालेले, आणि झाडांना कसली लाज नाही! जिनं उभा जन्म त्यांच्या आळ्यात पाणी फिरवलं, तिच्या मागं एक वर्ष तरी गप्प राहावं की नाही?

फूल पाहून संत्रेवाला कधी बोलत नाही. अर्धं फूल गळतं. वाटाण्याएवढं झालेलं फळही एका उन्हात झडतं. कुणी विचारलं, बहर कसा आहे, तर पाहू म्हणायचं आणि पुढं चालायचं. झाडाच्या बाबतीत एवढी अक्कल असलेल्या माणसाला बायकोच्या बाबतीत ती कुठं गेली होती?

त्याच बहरात, एका रविवारी, सुमनची धाकटी बहीण मंदा अमरावतीहून आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, आणि सरळ सुमनची पेटी उघडून बसली. तळातून हिरवा खण काढला न् पिशवीत घातला.

"कायले नेतं?" मी विचारलं.

"असाच."

असाच! मी काय आंधळा आहो? आमच्याकडे पोरीला तिसरा महिना लागला की माहेरची आई गुपचूप तिची ओटी भरते, हिरवी चोळी देते. तिला चोरचोळी म्हणतात. ती झाल्याशिवाय बातमी उंबऱ्याबाहेर जात नाही. माझी एकुलती एक मनीषा अकोल्याला दिली आहे. लग्नाला सात वर्षं झाली होती. हिरवा खण दुसऱ्या कुणासाठी निघणार?

"मनीषाले दिवस गेले ना?"

मंदाचा हात थांबला. "भाऊजी, तुमाले सांगाचं नाही असं ठरलं होतं."

"कोनं ठरवलं?"

"मनीषानंच. तिच्या मायनं सांगून ठेवलं होतं तिले. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हने."

मी पेटीचं झाकण असं आपटलं की भिंतीवरचा सुमनचा फोटो हलला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का म्हणून रागावू नये? मेलं म्हणजे हिशेब सुटला काय?

खरं सांगतो तुम्हाला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, बागेतच, ओंजळीत फुलं धरून सुमननं मला पहिल्यांदा बातमी दिली. आईलेबी सांगू नका म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी पारावर पेढे वाटले. गाडीवाल्याला, न्हाव्याला, वाटेनं चाललेल्या परक्या माणसालाही थांबवून पेढा दिला. तिच्या माहेरची चोळी अजून यायची होती. पंधरा दिवसांत सारं गेलं. माझी आई म्हणाली, यानंच नजर लावली. सुमन उठून आळ्यात पाणी फिरवायला गेली.

पेढ्यानं का गर्भ गळतो? डॉक्टर म्हणतात, नाही. मीही म्हणतो, नाही. पण तिनं पुन्हा मला कधी काही सांगितलं नाही, हे तर खरं! मनीषाच्या वेळी पाचवा महिना उलटल्यावर मला माझ्या बहिणीकडून कळलं. आणि शेवटी छातीतली गाठ? तीही तिनं वर्षभर पदराखाली तशीच लपवली. मी गावभर बोंबलेन म्हणून! बोंबललो असतो तर बरं नसतं झालं? लवकर दवाखाना नसता का पाहिला? हा राग मी कुणाच्या दारात नेऊन टाकू?

"ठेव तो खण. मी नेतो," मी मंदाला म्हणालो.

"पुरुषानं कुठं चोरचोळी नेली काय?"

"चोरीचंच काम आहे ना? मंग कोन पाह्यते?"

दुसऱ्या दिवशी खण, नारळ, मूठभर तांदूळ पिशवीत घालून एसटीत बसलो. शेजारी नेमका गावातला बबन.

"कुठं निघाले, दादा?"

"अकोल्याले. दात काढाले."

"अमरावतीतले डाक्टर मेले काय?"

खरी गोष्ट जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. मी गालावर रुमाल धरला न् अमरावतीपर्यंत कण्हत बसलो.

मनीषानं दार उघडलं. पिशवीतला हिरवा रंग तिला दिसला. "मावशीनं सांगितलं काय?"

"मले कायी मालूम नाही," मी म्हणालो. "पदर पसर."

तिनं ओढणी पसरली. मी ओटी भरली. अर्धे तांदूळ खाली सांडले. आईचा खण ओळखून ती रडली, न् मग मान वर करून म्हणाली, "बाबा, मले तिसरा महिना लागला." कळलेलीच गोष्ट; पण मला कुणी बातमी म्हणून ती सांगावी, असं जन्मात दुसऱ्यांदाच घडत होतं. मी फक्त मान हलवली.

आता सातव्या महिन्याचं डोहाळजेवण झालं, सगळ्यांना माहीत झालं, म्हणून हे लिहितो. नाहीतर कागदालाही सांगितलं नसतं.

त्या दिवशी संध्याकाळी अकोल्याहून परतलो तेव्हा फूल गळत होतं. आळ्यात पांढरा सडा पडला होता, आणि वास तर सकाळपेक्षा जास्त. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. बांधावर बबन भेटला.

"काढला काय दात?"

"काढला."

"दाखवा बरं."

मी तोंड उघडलं नाही. सुमन, पाहून राहिली ना तू?