सुलाक्काचे पिवळे लंगोट

मी बापू, गुळव्या. पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळावर तीस वर्षं काहिलीसमोर उभा राहिलोय. समोर रस उकळतो, खाली चुलवाण पेटलेलं, आणि कमरेला बाजारातली ती नायलॉनची चड्डी. घामानं अशी चिकटते, की दुपारपर्यंत मांड्या सोलून निघतात. आम्ही अकरा-बारा जण फेंगडे चालत घरी जायचो आणि नदीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला राग यायचा, पण नीट चालणार तरी कसं?

यातून आम्हाला सोडवलं सुलाक्का पोरे हिनं. तिचा नवरा दत्तोबा शिंपी लंगोटासाठी नावाजलेला. तीन तालमींचे पैलवान त्याच्याकडून लंगोट शिवून घ्यायचे. दत्तोबा गेला, तालमी ओस पडल्या, आणि सुलाक्का साड्यांना फॉल लावत बसली. तेही काम हळूहळू आटलं. मुलगा विनायक पुण्यात औषधं विकायच्या कामावर. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आईकडून कबूल करून घेतलं, की संक्रांतीपर्यंत दुकान नीट चाललं तर ठीक, नाहीतर मशीन टेम्पोत घालून पुण्याला यायचं.

"महिनाभर ऱ्हाऊन आलेय की तिथं," ती मला म्हणाली. "सातव्या मजल्यावर. पोरगं गुणाचं हाय, सून गुणाची हाय. पण मला कुणी साधं बटण लावायला सुदिक सांगत न्हाई, बापू. मी जिती हाय का न्हाई, माझं मलाच कळंना झालतं."

असं बोलता बोलता तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मी दुकानाच्या पायरीवर अवघडून टेकलो होतो.

"घोड्यावरनं आलासा का काय?"

"चेष्टा नको अक्का. मांड्यांची पार सालटी निघाल्यात."

"मग लंगोट घाला की."

"मी काय पैलवान हाय, ह्या वयात?"

"तुमचा आजा कुठला पैलवान? जलमभर शेतात लंगोटावरच वावरला. सुती मांजरपाट हाय, घाम पितंय. रबर न्हाई, मांडीत शिवण न्हाई. धुतला की घटकेत वाळतोय."

दुसऱ्या दिवशी तिनं एक नमुन्याला शिवून दिला. आता बांधायचा कसा, हे ती बाईमाणूस कशी दाखवणार? तिनं जुन्या तालमीच्या गणू वस्तादांना बोलावलं. ऐंशीचा तो म्हातारा दुकानाच्या पायरीवर उभा राहून धोतरावरूनच लंगोट बांधून दाखवायला लागला. बंद कमरेला, पट्टा पायांतून मागं, आवळून खोचायचा. बघायला ही गर्दी! वस्ताद एवढे खुलले, की तीनदा सोडून तीनदा बांधला.

मी आठ दिवस वापरला आणि खरं सांगतो, देवाला हात जोडले. मांड्या सुकल्या. उभं राहायला बळ आलं. माझं बघून गुऱ्हाळावरच्या सगळ्यांनी मागितले. सुलाक्काचं मशीन पुन्हा धडाडू लागलं. बारा लाल लंगोट शिवून झाले.

इथंच माशी शिंकली. दत्तोबाचा नेम होता, शिवलेला लंगोट आधी शनिवारी मारुतीच्या पायाला लावायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. सुलाक्कानंही तेच केलं. बारा लंगोट बुट्टीत घालून देवळात नेले, शेंदराचं बोट लावलं आणि भर चौकात वाटले. आमच्याकडं मारुतीच्या पायाचा लंगोट म्हणजे ब्रह्मचर्याचा नेम. दत्तोबाची गिऱ्हाइकं बिनलग्नाची, त्यांना ते शोभायचं. आम्ही सगळे लेकुरवाळे, हे सुलाक्काच्या ध्यानातच आलं नाही. आणि आमच्याही नाही, तेवढे आम्ही शहाणे!

संध्याकाळी घरी आलो तर माझं अंथरूण सोप्यात टाकलेलं.

"हे काय, मालन?"

"मारुतीच्या पायाचा घेतलाय न्हवं?" आमची मंडळी म्हणाली. "मग ऱ्हावा भाईर. मला पाप नगं."

"अगं, आंगाला सुख वाटावं म्हणून घेतला—"

"मग भोगा की सुख!"

घरोघरी हाच तमाशा. दोन दिवसांत एकेक जण खाली मान घालून लंगोट परत करून गेला. वस्ताद समजूत घालायला फिरले. "नेम मनात असतोय, फडक्यात न्हाई," ते सांगायचे. "मी चाळीस वर्सं लंगोट बांधला आन् मला सहा लेकरं हाईत." त्यानं एवढंच झालं, की त्यांची म्हातारी चार दिवस त्यांच्याशी बोलेना.

संक्रांत पंधरा दिवसांवर आली. सुलाक्का मशीन पुसून त्यावर जुनं लुगडं गुंडाळत होती.

"चूक माझीच, बापू. ह्यांनी केलं तसंच करायला गेले. कुणासाठी करतोय, त्येचा इचारच केला न्हाई."

मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी मालनला सरळ सांगितलं, "ती बाई आपल्यापायी गाव सोडून चालली." सकाळी मालन भाकरी थापायच्या आधीच सुलाक्काच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

"अक्का, मारुतीला आमच्या परपंचातलं काय कळतंय?" ती म्हणाली. "खंडोबाला न्ह्या की. दोन बायकांचा धनी हाय त्यो."

सुलाक्का अशी हसली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

लाल लंगोट तालमीत उरलेल्या चार पोरांना दिले. पांढरा मांजरपाट हळदीच्या पाण्यात बुडवून नवे बारा शिवले. रविवारी बायकाच पुढं होऊन खंडोबाच्या देवळात गेल्या. भंडारा उधळला, येळकोट केला आणि जिनं तिनं आपापल्या धन्याचा लंगोट स्वतःच्या हातानं उचलला. त्या दिवशी माझं अंथरूण न सांगता आत आलं.

मग दम खायला फुरसत राहिली नाही. नदीपलीकडच्या गुऱ्हाळांवरून मागणी आली, एक एसटीचा ड्रायव्हर सहा घेऊन गेला. बायका नवऱ्यांची मापं सुतळीला गाठी मारून आणायच्या आणि पोटाच्या घेरावरून एकमेकींची चेष्टा करायच्या.

संक्रांतीला विनायक टेम्पो घेऊन आला. ठरलं होतं तसं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मीच दाराशी उभा होतो. आत सगळीकडं पिवळं कापड आणि सुलाक्काचा पाय मशीनवर.

"आई, मी न्यायला आलोय," तो म्हणाला.

"म्हाईत हाय. तिळगूळ खा." तिनं गळ्यातली टेप काढली. "दिवसभर गाडीवर बसतोस न्हवं? हात वर कर."

"आई, टेम्पो भाड्यानं आणलाय."

"हात वर कर, विन्या. तुझ्या आधीची सात जणं खोळंबल्यात."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आईकडं. मग शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात वर केले. सुलाक्कानं त्याच्या कमरेला टेप लावली, माप पाटीवर खडूनं लिहिलं आणि त्यापुढं आकडा टाकला, आठवा.