डोंगराखालचं धुकं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ते चित्र तर रोज तिच्या डोळ्यांसमोर असतं. तिला वाटतं, रशीदभाईंनी जाताना भेट दिलं. आत्ता तुम्हाला सांगतोय तरी दार लावून घेतलंय. कशाला? बायको-मुलगी बाहेर गेल्यात, आणि रियाधमधल्या या इमारतीत मराठी कळणारं दुसरं आहे कोण? पण भीतीला एवढं कुठे समजतं.

रशीदभाई हर्णैचे, मी दापोलीचा. म्हणजे गाववालेच. मी इथे बँकेत, ते अल मलाझ भागात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आणि थंडी पडली की चित्रं काढायचे — फक्त थंडीत. पहाटेचं धुकं, वाळवंटात शेकोटीभोवती बसलेली माणसं, गारठून एकमेकांना चिकटलेले उंट. उन्हाळ्यात नुसता उजेड असतो, त्यात काय काढायचं, असं म्हणायचे. शुक्रवारी मी त्यांना गाडीतून शहराबाहेर न्यायचो. ते चित्र काढत, मी चहा करत असे. इथल्या माझ्या आयुष्यात त्याहून बरं काही नव्हतं.

मग त्यांचं दुकान बंद पडलं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला आणि कफीलने — ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या इथल्या मालकाने — हा माणूस पळून गेला अशी तक्रार करून टाकली. पळाले कुठेच नव्हते बिचारे. पण आता पकडले गेले असते तर थेट कोठडी, आणि त्यांना सोबत घेऊन फिरणाऱ्याचीही धडगत नव्हती. त्यांनी बाहेर पडणंच सोडलं.

इथे थांबावंसं वाटतंय. कारण पुढचं सगळं माझ्या हौसेपायी झालं — तबूककडच्या डोंगरावर बर्फ पडल्याचे व्हिडिओ आले होते. एवढे हिवाळे रंगवलेल्या माणसाने बर्फ पाहिलाच नव्हता! ते नको नको म्हणत होते. मीच मागे लागलो.

"माझ्या गाडीत आहात ना? मग मी आहे की." हे माझे शब्द.

वाटेत कुणी अडवलं नाही. प्रत्येक तपासणी नाक्यावर मी गाडी हळू करायचो, ते डोळे मिटून ओठ हलवत बसायचे. डोंगर दिसला तेव्हा मात्र पोरासारखे हसले. रस्त्याकडेला चटई टाकून त्यांनी मांडीवर फळी घेतली. बर्फाला ते रंग लावत नव्हते, तेवढा कागद कोरा सोडत होते. आणि डोंगराखाली मला काढलं — पिवळं जाकीट, कानटोपी, हातात किटली, मागे माझी गाडी. त्या गारठ्यात रंग काही वाळेना.

मी चहा ओतायला गाडीपाशी गेलो, आणि गस्तीची गाडी आली.

पोलिसाने त्यांच्याकडे इकामा मागितला. मग माझ्याकडे वळून विचारलं, हा तुझ्याबरोबर आहे का? मला नोकरी दिसली, मुलीची शाळा दिसली, कोठडी दिसली. घाबरलो होतो. पण ती काय सबब झाली? घाबरलेले तर तेही होते.

"नाही," मी म्हणालो. "मी ओळखत नाही याला."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फळीकडे पाहिलं. पोलीस वाकून बघायच्या आत त्यांचा तळवा सावकाश कागदावरून फिरला — जाकीट, टोपी, किटली, गाडी, सगळं गेलं. मग फळी चटईवर ठेवली आणि निमूट जाऊन गस्तीच्या गाडीत बसले. तळव्याला माझा पिवळा रंग लागला होता.

ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी हललो नाही. मग फळी उचलली.

त्यांना मायदेशी पाठवलं, एवढं पुढे कळलं. आता हर्णैलाच असतात. सुट्टीत गेलो की मी बंदरावर जात नाही, आई म्हणते बाजारातली शिळी मासळी का आणतोस. त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर आमच्या घरी केव्हाच पोचलं असतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

चित्र दिवाणखान्यात आहे. पाहुणे वाखाणतात. पांढऱ्या डोंगराखाली तो फराटा कसला, असं मुलीने एकदा विचारलं. धुकं आहे, मी म्हणालो.

"बट पपा, फॉग यलो नसतो."

तिथे मी उभा होतो.